मी बसच्या मागे नव्हतो

१ फेब्रुवारी, बुधवार

आज त्या सहलवाल्यांच्या सभेतून मी उठून आलो. बरं केलं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आम्हा दोघांची नावं एका साहसी सहलीत घातली. चौदा माणसं, एक बस, टपावर तंबू. घाट चढायचा, नदीत रबरी होडी, मग दोरांचा पूल, शेवटी समुद्र. मी हो म्हटलं होतं. सासरी गेलेल्या मुलीला नाही म्हणणं मला जमत नाही.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. गटाची प्रमुख म्हणजे तिशीतली एक मुलगी, गळ्यात शिट्टी. तिनं नियम सांगितले. सकाळी शिट्टीवर उठायचं. बसमध्ये कोणी कुठं बसायचं ते रोज चिठ्ठ्या काढून ठरणार. स्वयंपाक, भांडी, तंबू यांच्या तुकड्याही चिठ्ठ्यांनी. आणि नवरा-बायकोनं एका बाकावर बसायचं नाही, एका तुकडीत यायचं नाही. "संसार घरी ठेवून यायचा," असं म्हणाली आणि हॉल हसला. माझ्या शेजारी बसलेली ही पण हसली. तिला नीट कळलं नसेल म्हणून मी तिच्या डाव्या कानाशी पुन्हा सांगितलं, तर म्हणाली, "कळलं मला."

मी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या बायकोला उजव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणच्या तापात गेलाय तो. पंचवीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला बसतो आणि तिला सगळं सांगतो. तुमची चिठ्ठी काय सांगणार?"

शिट्टीवालीनं माझ्याकडे बघितलंच नाही. हिला विचारलं, "ताई, तुम्हाला चालेल का?"

ही म्हणाली, "चालेल."

मग मी तिथं थांबण्यात अर्थ नव्हता. बाहेर टपरीवर चहा घेतला. वाटलं, येईल पाठोपाठ. दुसरा चहा घेतला. सभा संपल्यावरच आली, हातात छापील पत्रक घेऊन.

घरी येताना म्हणाली, "अहो, तुम्ही नाही आलात तरी मी जाणार आहे."

"एकटी?"

"तेरा माणसांत एकटी कशी?"

"आणि तुला काही ऐकू नाही आलं तर?"

"तर पुन्हा विचारीन." थोडं चालल्यावर म्हणाली, "आल्यावर बघू, पुढं कसं राहायचं ते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बघू."

पंचवीस वर्षांत तिनं असं काही म्हटलेलं मला आठवत नाही. मी हसण्यावारी नेलं. आता लिहिताना हसू येत नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. "बाबा, तुमचा प्रॉब्लेम काय आहे नक्की?"

म्हटलं, "सकाळी शिट्टीवर उठणं मला जमणार नाही. देवाचं नाव घ्यायला मला शांतता लागते."

"तुम्ही डोळे मिटून बसलेले असता तेव्हा आई दबक्या पायांनी चहा करते. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून फडक्यात धरून पातेलं ठेवते. लहानपणापासून बघतेय मी. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. ठेवते."

मुलं हल्ली विषय सोडून बोलतात.

मीही जाणार. ठरवलं. पण माझ्या पद्धतीनं. सव्वीस वर्षं मी वजनकाट्याच्या खोलीत बसलोय. भरलेला ट्रक लोखंडी फळीवर चढतो, मी खिडकीतून आकडा सांगतो, ट्रक निघून जातो. देशातल्या कुठल्या कुठल्या गावांना माल जातो ते मला तोंडपाठ आहे, पण काट्याच्या पलीकडे मी गेलेलो नाही. ड्रायव्हर मला काटेमामा म्हणतात. यातला कोणीही मला शेजारी बसवून नेईल. उरलेल्या वाटेला गावोगावच्या साध्या बस आहेत, आणि देवानं पाय दिलेत. देशाच्या या टोकापासून समुद्रापर्यंत माणूस आपला आपण जाऊ शकतो हे मला दाखवायचं आहे. कोणाला दाखवायचं आहे ते महत्त्वाचं नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

बस गेली.

मी पोचवायला गेलो होतो, राग धरणारा माणूस मी नाही. बस सुटण्याआधी दाराशी उभं राहून एकेकाला नम्रपणे सांगितलं: या बाईंशी डावीकडून बोला, सावकाश बोला, त्यांनी नुसती मान हलवली तर समजा की ऐकू आलेलं नाही, पुन्हा सांगा. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एक टोपीवाला गृहस्थ म्हणाला, "लिहून लावा ना पाठीवर." असल्या माणसांबरोबर ही जाणार.

हिचा चेहरा लालबुंद झाला होता. ऊन होतं.

खिडकीत बसली. मी हात हलवला. ती त्या वेळी शेजारणीशी बोलत होती. शेजारीण उजवीकडे बसलेली, म्हणजे हिला काही ऐकू येत नसणार. तरी दोघी हसत होत्या.

८ फेब्रुवारी, बुधवार

घरात शांतता आहे. सकाळी देवापुढे डोळे मिटले आणि उघडले तर चहा नव्हता. हे अर्थातच अपेक्षित होतं. पण इतक्या शांततेत मन लागत नाही, ही गोष्ट मला नवी आहे. रेडिओवर बातम्या लागल्या आणि मी प्रत्येक बातमी मोठ्यानं पुन्हा म्हणत होतो. तिसऱ्या बातमीला लक्षात आलं. बंद केला.

रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "तुम्ही आणि लांबची रजा? कोणी गेलं का?"

म्हटलं, "नाही. मीच चाललो."

त्यांनी घाईघाईनं सही केली.

सहलीचं पत्रक हिनं फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, लेकीला कळावं म्हणून. ते काढून घेतलं. फक्त नकाशासाठी. नकाशा चांगला छापलाय, मानलं पाहिजे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

निघालो. ट्रक लंबूचा. लंबू म्हणजे सहा फूट उंच, माझ्या काट्यावर वीस वर्षं येणारा माणूस. आज पहिल्यांदा मी खिडकीच्या त्याच्या बाजूला.

"कुठं सोडू, मामा?"

"समुद्रावर जायचंय. पण आधी घाट, मग नदीकाठचं गाव, मग पुलाची दरी."

लंबूनं वळून बघितलं. "ही तर सहलीच्या बसची वाट. सरळ रस्त्यानं तीन दिवसांत पोचाल की."

"रस्ते काय त्यांच्या बापाचे आहेत?"

"नाही, मी आपलं म्हटलं."

ट्रकच्या केबिनमधून रस्ता उंचावरून दिसतो. शेतं, वीटभट्ट्या, कुठं लग्न नसताना नटून उभी असलेली माणसं, कुठं नुसतंच एक कुत्रं. काट्याच्या खोलीतून मला सव्वीस वर्षं फक्त चाकं दिसली. हिला दाखवायला हवं होतं असं वाटलं. म्हणजे बसच्या खिडकीतूनही दिसत असेलच तिला, पण कोण काय सांगणार?

११ फेब्रुवारी, शनिवार

घाटावरचं गाव. गार वारा, उतरत्या छपरांची घरं. एका बाईंची खानावळ आणि वर दोन खोल्या. तिथं उतरलो. बाई जाडजूड, बोलक्या.

"तुम्ही बसमधले का?"

"नाही."

"बस काल गेली."

"मी विचारलं नव्हतं."

"नाही, चेहऱ्यावरून वाटलं चुकामूक झालीय." सूप आणि पाव पुढं ठेवून त्या समोरच बसल्या. "मजेची माणसं होती. त्यात एक बाई, काय हसवलं तिनं! जेवायला बसल्यावर सांगते कशी, माझ्या उजव्या बाजूला ज्याला बसायचं त्यानं मला खुशाल शिव्या द्याव्यात, माझ्यापर्यंत पोचत नाहीत. तो टोपीवाला लगेच उठून उजवीकडे जाऊन बसला. म्हणाला, बायकोला द्यायच्या राहून गेलेल्या बऱ्याच आहेत माझ्याकडे."

ही दुसरी कोणी असणार. आमची ही चारचौघांत इतकं बोलत नाही. माणसं जमली की मीच बोलतो आणि ती मान हलवते. एका बसमध्ये उजव्या कानाच्या दोन बायका असू शकतात.

झोपण्याआधी देवाला म्हटलं, तिला सुखरूप ठेव. मग म्हटलं, दोघींनाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस वाईट.

नदीकाठच्या गावाला जाणारी बस म्हणून ज्या बसमध्ये चढलो ती भलत्या फाट्यावर थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, आता इथून पुढं जात नाही. मी भांडलो. तो म्हणाला, "पाटी वाचता येत नाही का?" पाटी मी वाचली नव्हती. ज्या बसमध्ये बरीच माणसं चढत होती तिच्यात चढलो होतो. आपला आपण जाणारा माणूस असं करत नाही.

फाट्यावर एक चिंचेचं झाड आणि कुलूप लावलेलं दुकान. दुपार कलली तरी एक वाहन नाही. भीती वाटली, हे इथं खरं लिहितो. भूक लागली होतीच, पण त्यापेक्षा जास्त हे वाटलं की आत्ता मी कुठं आहे हे जगात कोणालाही माहीत नाही. झाडाखाली बसून देवाचं नाव घेतलं. रोज घेतो तसं नाही झालं, भांडणासारखं झालं. म्हटलं, मी चुकत असेन तर दाखव, पण शिट्टी वाजवून दाखवू नकोस.

संध्याकाळच्या आधी एक ट्रॅक्टर आला, भुसा भरलेला. त्यावर बसून आलो. केसात, कानात, दाढीत भुसा. नदीकाठी विचारलं तर रबरी होड्या सकाळीच गेल्या होत्या. मला होड्यांशी काही कर्तव्य नव्हतं, सहज विचारलं.

तरीही परत फिरणार नाही. भुसा झटकला की जातो.

१५ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

पुलाच्या दरीपाशी सकाळी पोचलो. दोन कड्यांमध्ये दोरांचा पूल, खाली बारीकशी नदी. पायाखाली एक जाड दोर, हाताला दोन. कमरेला पट्टा बांधून एकेकानं जायचं. सहलीची बस कडेला उभी होती. मी चहाच्या टपरीच्या मागल्या बाजूला उभा राहिलो, तिथं सावली होती म्हणून.

टोपीवाला गेला, टोपी घट्ट धरून. मग आणखी कोणी. मग ही. पायात कोणाचे तरी बूट. शिट्टीवालीनं पट्टा तपासला, ही दोरावर उतरली. मधोमध आली आणि वारा सुटला. पूल एका अंगाला झुकला. ती थांबली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. पुढं धावलो आणि ओरडलो, "थांब! हलू नकोस! तशीच मागे ये!"

सगळ्यांनी वळून बघितलं. तिनं नाही. मी उजव्या बाजूला होतो, त्यात वारा, तिला कसं ऐकू येणार! मी आणखी मोठ्यानं ओरडलो. ती पाऊल उचलून पुढं गेली. मग दुसरं. पलीकडे पोचली तेव्हा तिकडच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवून हसत होती, इकडून स्पष्ट दिसत होतं.

शिट्टीवाली म्हणाली, "काका, तुम्ही इथं?"

"मी माझ्या वाटेनं आलोय. हा रस्ता सरकारी आहे."

"हो, हो," ती म्हणाली. पोरगी वाईट नाही. मला टपरीवर बसवून चहा दिला.

मग ही परत आली, त्याच दोरावरून. आता वारा जास्त होता तरी मघापेक्षा भरभर आली. पट्टा सोडला आणि माझ्यासमोर बाकावर बसली. नाक सोलवटलेलं, हाताला ओरखडे. इतकी वर्षं रोज बघतोय तो चेहरा, तरी ओळखायला मला एक क्षण लागला.

"कधीपासून येताय मागे मागे?"

"मी मागे नाही."

"घाटातल्या खानावळवाल्या बाईंनी शिट्टीवालीला फोन केला होता. तुमचं एक माणूस मागे राहिलंय, पाव न संपवता खिडकीतून रस्ता बघत बसतंय, म्हणाल्या."

मी कप खाली ठेवला. मग म्हटलं, "तुला धोक्याची कल्पना होती का? मी एवढा ओरडलो. तुला ऐकू नाही आलं, आणि समजा काही झालं असतं..."

"ऐकलं होतं मी."

"काय?"

"थांब, हलू नकोस, मागे ये. दोन्ही वेळा ऐकलं."

"मग थांबली का नाहीस?"

"म्हणूनच."

टपरीवाल्यानं आमच्याकडे बघितलं आणि कपबशा धुवायला लागला.

ती शांतपणे म्हणाली, "दर वेळी कान नसतो हो."

म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर पंचवीस वर्षं काही बोलले नाही. वाईट माणूस असतात तर सोपं होतं." मग हात पुसत उठली. "आता मागे येऊ नका. आणि घरी जाऊन वाट बघत पण बसू नका. कुठंतरी जा. खरंच जा."

"आणि पुढं कसं राहायचं ते?"

"ते समुद्रावर बसून ठरवीन."

शिट्टी वाजली. ती गेली. चिठ्ठीत आज ड्रायव्हरशेजारची जागा आली होती तिला. पुढच्या काचेतून सगळा रस्ता दिसत असणार.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

मला 'जा' म्हणणारी ही कोण? मी निघालोच होतो की.

आज दिवसभर टपरीच्या बाकावर बसून आठवत होतो. आईच्या आजारपणात मी हिला तीन-तीनदा हाक मारायचो आणि ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत राहायची. लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मी हिच्या वतीनं हो म्हटलं आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा बघत राहिली. बिचारीला ऐकू येत नाही म्हणून मी पाहुण्यांना हळूच सांगितलं होतं.

बहुतेक वेळा कानच असणार.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

लंबू माल टाकून परतीच्या वाटेवर भेटला. त्याला सगळं सांगितलं नाही, पण ड्रायव्हर लोकांना अर्धं सांगितलेलं पुरतं.

दुपारी मोठ्या तिठ्याला गाडी थांबवून म्हणाला, "मामा, डाव्या हाताला समुद्र. उजव्या हाताला काहीच नाही. बोला."

"काहीच नाही म्हणजे?"

"खारं तळं. वाळलेलं. मीठ भरायला जायचंय मला, तुम्हाला काय करायचंय तिथं?"

"उजवीकडे घे."

"समुद्र राहिला की!"

"राहू दे. समुद्र मी बघणार नाही. हट्ट आहे माझा."

लंबूनं गाडी वळवली. पत्रक खिशात होतं, त्याला देऊन टाकलं. त्यानं त्या पत्रकानं आरशावरची धूळ पुसली. या बाजूचा नकाशा त्यात नव्हताच.

१९ फेब्रुवारी, रविवार

मिठाचे ट्रक मी आयुष्यभर तोलले. मीठ येतं कुठून ते काल पाहिलं.

नजर पोचेल तिथवर पांढरं. झाड नाही, घर नाही, क्षितिजाला काठ नाही. माणसं लांब दांड्याच्या लाकडी फाळक्यांनी मीठ ओढून ढीग करतात, आणि ते ढीग दुरून तंबूंसारखे दिसतात. डोळ्यांवर काळा चष्मा लावला नाही तर तासाभरात डोळे सुजतात. मला कोणी चष्मा दिला, कोणी फाळकं दिलं. लंबू म्हणाला, दोन-चार दिवस राहा, मी फेरी मारून येतो. इथं येण्याचं कारण कोणी विचारलं नाही. एका बाईनं फक्त माझं काम बघून सांगितलं, "कमरेनं ओढा, हातानं नाही. नाहीतर रात्री देव आठवेल."

म्हटलं, "तो मला सकाळी आठवतो."

हसली. पत्र्याच्या शेडमध्ये माझी सतरंजी टाकून दिली.

आज पहाटे उठून त्या पांढऱ्यावर बसलो. डोळे मिटायची गरजच वाटली नाही. आजवर मी देवापुढे बसून काही ना काही सांगतच आलोय. आज सांगण्यासारखं काही नव्हतं. बराच वेळ नुसता बसलो.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

इथला मुकादम म्हातारा आहे, माणूस चांगला. वाऱ्यापासून बचाव म्हणून आम्ही सगळे कानांना फडकं बांधतो, त्यामुळे एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. मी नवा, मला अडचण होऊ नये म्हणून मुकादमानं मला आपल्या पंखाखाली घेतलंय. कोणीही काही बोललं की माझ्या कानाशी येऊन पुन्हा सांगतो, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. अर्ध्याहून जास्त मला आधीच कळलेलं असतं.

आज ती कमरेनं ओढा म्हणणारी बाई मला विचारत होती, घरी कोण असतं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत मुकादम म्हणाला, "बायको आहे त्यांची, मुलगी आहे, काट्यावर कामाला आहेत, साधे आहेत." बाई त्याच्याकडे बघून मान हलवायला लागली आणि त्याच्याशीच बोलत राहिली. मी फाळकं घेऊन मधे उभा.

दुपारी जेवताना त्यानं मी काय खाणार ते सांगून टाकलं. मी म्हटलं, "मी सांगतो ना!" इतक्या जोरात की सगळे थांबले. म्हातारा गोरामोरा झाला. म्हणाला, "तुमच्या सोयीसाठीच बोललो, भाऊ."

माणूस खरंच चांगला आहे. मला एवढा राग का यावा?

आज इथंच थांबतो.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी फाळकं न घेता खूप लांबवर चालत गेलो. मागे वळून बघितलं तर शेड दिसेनाशी झाली होती. पायांचे ठसे होते म्हणून घाबरलो नाही.

तिथं तिचं नाव घेऊन हाक मारली. मोठ्यानं, एकदा. अर्थातच कोणी ओ दिली नाही. दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

लंबू आला. ट्रकमध्ये मीठ भरलं, त्यात मी ओढलेलंही काही असेल. म्हाताऱ्या मुकादमाच्या पाया पडलो. त्याला कारण कळलं नाही, पण तो खूश झाला.

हिची बस आज समुद्रावर असणार. वाळूत बसली असेल आणि ठरवत असेल. तिथून बस दुसऱ्या फेरीला वरच्या मुलखात जाते असं पत्रकात होतं. तिला वाटलं तर ती जाऊ शकते. मी तिथं जाऊन काही बोलू शकलो असतो. लंबूनं तिठ्याला पुन्हा विचारलं, "मामा, अजून वळता येतं."

"नाही. घरी चल."

"वहिनी आल्या नाहीत तर?"

"तर नाही आली. मी आणायला जाणार नाही. ती माणूस आहे, माल नाही."

लंबूनं गियर बदलला. मग म्हणाला, "काट्यावर बसून तुम्ही एवढं कधी बोलला नाहीत." वाटेत आम्ही दोघंही पुष्कळ गायलो. दोघांचाही आवाज वाईट.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

घरी पोचलो तर दार उघडं. ही माझ्याआधी आली होती.

खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, उकडलेलं अंडं खात. नाकाची सालं गेली होती, चेहरा काळवंडलेला, केस कापून खांद्यापर्यंत केलेले. रेडिओ जोरात चालू. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हातांना मिठानं पडलेल्या भेगा बघितल्या.

"समुद्रावर आला नाहीत," म्हणाली.

"येणार नव्हतोच."

"मी बघत होते. दोन दिवस. रस्त्याकडे तोंड करून बसले होते." मग अंड्याचं टरफल गोळा करत म्हणाली, "नाही आलात ते बरं झालं. कुठं गेला होतात?"

मी सांगायला लागलो. पांढरं तळं, काळा चष्मा, फाळकं कमरेनं कसं ओढायचं. मुकादमाचं सांगताना अडखळलो. म्हटलं, "तिथं एक म्हातारा होता. माझ्या वतीनं बोलायचा." ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मला राग यायचा."

"किती दिवस?"

"थोडेच."

"हं," ती म्हणाली आणि उठून चहा टाकला. पातेलं ओट्यावर असं आदळलं की शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल. मला बरं वाटलं. असं का ते विचारू नये.

चहा घेताना मी विचारलं, "ठरवलंस?"

"काय?"

"पुढं कसं राहायचं ते."

"ठरवलं. मे महिन्यात बस पुन्हा वरच्या मुलखात जाते, मी जाणार. वर्षातनं एकदा जाणारच. आणि दर वेळी परत येणार. इथं, या घरात. माझ्या तोंडून माझं मी बोलणार, तुम्हाला माझं काही कळलं नाही तर विचारा. एवढंच ठरवलंय. तुम्हाला चालत असेल तर बघा."

"आणि मी काय करू मे महिन्यात?"

"मला काय विचारता? जा तुम्ही पण. जाऊन आल्यावर बरे दिसताय."

"मला परवानगी नको कोणाची."

"दिलीय कोणी?"

मी सांगून टाकलं की मे महिन्यात मी लंबूबरोबर दगडाच्या खाणींकडे जाणार आहे, तिच्या बसच्या बरोबर उलट दिशेला, आणि हे मी फार आधीच ठरवलं होतं. ती म्हणाली, फार आधी म्हणजे चहाच्या आधी का? मग आमचं बॅगेवरून जुंपलं. घरात चांगली बॅग एकच, चाकांची. या खेपेला तिनं नेली आणि मी खांद्यावरच्या पिशवीत भागवलं. ती म्हणते, तंबूत झोपायचं तर सामान जास्त लागतं. मी म्हणतो, खाणीत कपडे जास्त मळतात. ती म्हणते, खाणीत चाकांची बॅग घेऊन कोण जातं? आवाज इतके चढले की लेकीचा फोन वाजत होता तो दोघांनीही घेतला नाही. शेवटी ती म्हणाली, बॅग माझी आहे, आणि अंघोळीला गेली.

मे महिना अजून लांब आहे. तरी मी माझे दोन सदरे, टॉवेल आणि काळा चष्मा त्या बॅगेत भरून ती पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सरकवून दिली आहे. काढून दाखवू दे.